थ्री नॉट थ्रीची निगा

श्रीरामपूर,
आषाढ

चि. भाच्यास,

शस्त्रागाराचा चार्ज तुझ्याकडे आला आणि पहिल्याच पावसाळ्यात थ्री नॉट थ्री रायफलींच्या नळ्या आतून तांबूस दिसायला लागल्या, असं ताई म्हणाली. आमच्याकडे आषाढातही आभाळ नुसतं गडगडून जातं. तुमच्या कोकणात लोखंडाला हवाच पाणी पाजते. तरी सगळं खापर हवेवर फोडू नकोस. गेल्या सरावानंतर नळ्या कशाने धुतल्या, ते आधी विचार.

‘तेलाची चिंदी फिरवली’ असं उत्तर आलं, तर गंजाचं कारण सापडलं. जुन्या काडतुसाच्या कॅपमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं. बार झाला की त्याचा क्षार नळीत राहतो आणि मिठासारखा ओल ओढतो. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. वर तेल लावलं की नळी चकचकीत दिसते आणि खाली गंज निवांत वाढतो. म्हणून त्याच दिवशी चेंबरच्या बाजूने नरसाळं लावून उकळतं पाणी सोडायचं. तापलेली नळी आपोआप सुकते. मग कोरडी चिंदी, आणि शेवटी तेलाची. ब्लँक उडवलं तरी हेच करायचं, कारण कॅप त्यालाही असतेच.

पण हात लावण्याआधी मॅगझिन काढ, बोल्ट उघड, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघ आणि करंगळी घालूनही बघ. मॅगझिन निघाली म्हणजे रायफल खाली झाली, हा समज फार घातक. बोल्ट पूर्ण मागे ओढून त्याचं डोकं वर उचललं की तो बाहेर येतो.

नळी पुसायची दोरी, म्हणजे पुल थ्रू, बटाच्या पितळी झाकणाआड असतो. त्याचं वजन चेंबरकडून सोडायचं आणि दोरी मझलमधून सरळ रेषेत, एका दमात ओढायची. पोरं कंटाळून तिरकी ओढतात. दोरीला माती चिकटलेली असते, ती कानशीसारखी मझलची कड खाते. नळीचं तोंड एका अंगाला किंचित लांबट झालेलं दिसलं, तर तो घाव दोरीचाच. गोळी बाहेर पडताना शेवटचं तिथे टेकते. कड गेली की नेम गेला. माझ्या मते या रायफली गोळीबाराने कमी आणि साफसफाईनेच जास्त बाद झाल्या.

घाईत दहा बोल्ट एका ट्रेमध्ये टाकले, तर मात्र मी रागावेन. बोल्टच्या दांडीमागचा नंबर रायफलीच्या नंबराशी जुळलाच पाहिजे. अदलाबदल झाली की बोल्टचं तोंड आणि काडतूस यांतलं अंतर बिघडतं, काडतुसाची केस फाटू शकते. शंका आली तर आर्मोररकडून गेज लावून घे; ०.०७४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद होता कामा नये. इशापूरची २ए१ तुमच्या रॅकमध्ये असेल तर तिला वेगळं ठेव. दिसायला बहीणच, पण काडतूस ७.६२चं.

सरावाआधी नळी आणि चेंबर कोरडं करायचं. चेंबरला तेल राहिलं तर केस भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. लाकडाला जवसाचं कच्चं तेल, तेही हाताने चोळून.

ऑगस्ट २०१९ मध्ये बिहारात माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्या अंत्यसंस्काराला मानवंदनेच्या २२ रायफलींपैकी एकीचाही बार झाला नव्हता. तुमच्याही मानवंदनेला निघतात, तेव्हा काडतुसंही कोरड्यात ठेव. बार झाला नाही तर मझल आहे त्याच दिशेला धरून अर्धा मिनिट थांबायचं. लगेच बोल्ट उघडायचा नाही.

कॅनॉलपलीकडचे एक ऊसवाले परवा विचारत होते, अमेरिकेत लष्कराच्या जुन्या रायफली विकत मिळतात, आपल्याला का नाही? त्यांना सांगितलं, थ्री नॉट थ्रीचा बोअर आपल्याकडे प्रतिबंधित. परवाना मिळाला तर याच घडणीची .३१५ घ्या. ती लष्कराची नाही, पण निगा तीच.

बोल्टांचे नंबर ताडून झाले की फोन कर.

तुझा,
मामा