आमच्या फ्लॅटची युरोपयात्रा

आमचा धायरीचा फ्लॅट सध्या युरोपात हिंडतो आहे. तुम्ही म्हणाल, याचं डोकं ठिकाणावर आहे ना? धायरी फाट्यावरून आत वळलात तर इमारत जागच्या जागी दिसेल, गॅलरीत आमच्या हिची तुळसही दिसेल. पण कागदोपत्री तो जागेवर नाही. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज काढायचं तर तारण लागतं, आणि बँकेतल्या कारकुनाकडे राहत्या घराखेरीज तारण द्यायला असतं काय? बी. कॉम.ची पदवी कुणी तारण म्हणून घेत नाही. (मी गमतीनं विचारून पाहिलं. साहेब हसले नाहीत.) तेव्हा 2024च्या ऑक्टोबरात आमची एकुलती एक कन्या शिकायला जर्मनीतल्या आखेनला गेली, ती हिशेबानं पाहिलं तर सामानात टू बीएचके घालूनच गेली.

आता दर शनिवार-रविवारी ती दोस्तमंडळींबरोबर कुठंतरी जाऊन येते आणि रविवारी रात्री फोनवर सगळा वृत्तांत येतो. ‘आज मास्ट्रिख्टला जाऊन आलो’ असं ती म्हणाली की मी मनात म्हणतो, चला, किचनचा ओटा हॉलंड पाहून आला. ‘लिएजला वॅफल खाल्लं’ म्हणाली की बेडरूमच्या फरश्या बेल्जियमला जाऊन आल्या. आखेन हे गाव असं कोपऱ्यात वसलं आहे की पाय लांब केला तर तो परदेशात जातो. बसमध्ये बसायचं, देश बदलतो, ड्रायव्हर बदलत नाही. आमच्याकडे धायरीहून शिवाजीनगर गाठेपर्यंत फक्त माणसाचा मूड बदलतो.

मंडळी म्हणजे एक नांदेडची मुलगी, एक तुर्की मुलगी आणि एक इंडोनेशियाचा लाजाळू मुलगा. ‘लाजाळू’ हे विशेषण कन्येचं आहे. मी ते पडताळणीसाठी राखून ठेवलं आहे.

एवढं फिरायला पैसे कुठून येतात, असा प्रश्न वाचकांपैकी जे बाप असतील त्यांना पडला असेलच. जर्मन सरकार त्या बाबतीत आमच्या आजीसारखं आहे. 2024च्या सप्टेंबरपासूनच्या नियमाप्रमाणे वर्षाचे 11,904 युरो आधी एका गोठवलेल्या खात्यात ठेवायचे, आणि त्यातले दरमहा 992 मुलांच्या हातात पडायचे. आजीची गाठोड्याची गाठ याहून सैल होती. त्यात खोलीचं भाडं, विमा, खाणं. लोकल गाड्या आणि बसचा पास मात्र सहामाही फीमध्येच येतो आणि तो देशभर चालतो. फक्त जलद गाड्यांत बसायचं नाही. म्हणून ही चौकडी जिथं जाईल तिथं सावकाश जाते. डबा घरचा. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात टाकल्या की बाटलीमागे 25 सेंट परत मिळतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर एका बाटलीचे पंचवीस रुपये! हे ऐकल्यावर हिनं आमच्या भंगारवाल्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती त्या बिचाऱ्याला अजून उमगलेली नाही.

पण हे फिरणं पहिल्यापासून नव्हतं. पहिले तीन-चार महिने वृत्तांतच नसायचा. जर्मनीत रविवारी दुकानं बंद. रविवारची विश्रांती तिथं थेट राज्यघटनेत लिहिलेली आहे, त्यामुळे कुणाशी हुज्जत घालायचीही सोय नाही. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे आमचे रात्रीचे नऊ. त्याच वेळी फोन व्हायचा. कन्येच्या मागे एक राखाडी पडदा. ‘आज काय केलंस?’ ‘काही नाही. झोपले.’ पुढच्या रविवारी तोच पडदा, तेच उत्तर. महिन्याचा खर्चाचा तक्ता ती मला न चुकता पाठवायची : भाडं, विमा, तांदूळ, दूध. खलास. कर्जदार बापानं खरं तर पेढे वाटायला हवेत. पण मी बँकेत आहे. खातेदारानं दोन वर्षं काही उलाढाल केली नाही, तर ते खातं आम्ही ‘निष्क्रिय’ म्हणून बाजूला काढतो. तक्ता वाचताना मला उगीचच तो शिक्का आठवायचा. ही म्हणाली, ‘अहो, एवढी काटकसर बरी नव्हे.’ लग्नाला पंचवीस वर्षं झाली, हे वाक्य तिच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होतो.

फेब्रुवारीच्या तक्त्यात एक नवी ओळ आली : ‘व्हाल्स, कॉफी, 3 युरो 20.’ त्या ओळीकडे मी इतका वेळ पाहत बसलो की शेजारच्या काउंटरवरच्यांना वाटलं, कॅशमध्ये फरक आला.

व्हाल्स हे आखेनच्या सीमेला चिकटलेलं डच गाव. तिथून टेकडी चढून गेलं की जर्मनी, हॉलंड आणि बेल्जियम एका खांबापाशी भेटतात. पूर्वी तिथं चौथाही होता. जस्ताच्या खाणीवरून प्रशिया आणि हॉलंडचं जमेना, म्हणून 1816 साली मोरेस्ने नावाचा साडेतीन चौरस किलोमीटरचा तुकडा दोघांच्या सामाईक ताब्यात ठेवला. 1920 साली तो बेल्जियमला मिळेपर्यंत शंभरावर वर्षं तो धड कुणा एकाचा नव्हता. मला त्या लोकांची मनःस्थिती लगेच कळली. धायरी महापालिकेत आली 2017 साली. तोवर आम्हीही पत्त्यात ‘पुणे’ लिहायचो आणि घरपट्टी ग्रामपंचायतीत भरायचो.

‘बाबा, आम्ही हॉलंडच्या सगळ्यात उंच जागी उभे आहोत!’ कन्या ओरडली. वारा सुटला होता, चौघं कुडकुडत होते, आणि मागे पडदा नव्हता. मी उंची विचारली. समुद्रापलीकडची त्यांची बेटं सोडली, तर हॉलंडचा सर्वोच्च बिंदू 322 मीटर. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे. म्हणजे शिखरावर उभी असलेली आमची मुलगी आमच्या पार्किंगच्या सव्वादोनशेहून जास्त मीटर खाली होती! हे मी तिला सांगितलं. तिनं ते तिकडे इंग्रजीत सांगितलं. लाजाळू मुलगा सर्वांत मोठ्यांदा हसला. मी नोंद करून ठेवली.

त्यानंतर मंडळी थांबली नाहीत. कोलोनचं कॅथेड्रल झालं. त्याचं बांधकाम 1248 साली सुरू होऊन 1880 साली पुरं झालं म्हणे. सिंहगड रोडवर उड्डाणपूल होताना रोज त्याखालून ऑफिसला गेलेल्या माणसाला असल्या आकड्यांचं काही वाटत नाही.

मग एका रविवारी सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, ‘तुम्ही दोघं कुठं गेलात?’

‘कपाट आवरलं,’ ही म्हणाली.

‘मागच्या रविवारी?’

‘दुसरं कपाट.’

पलीकडे जरा शांतता झाली. मग म्हणाली, ‘आई, तुमच्या मागे दर वेळी तोच पडदा दिसतो.’

पुढच्या रविवारी आम्ही दोघं धायरी फाट्यावर सिंहगडाची बस पकडायला उभे राहिलो. पायथ्यापासून शेअर जीप केली. हिचे गुडघे हे अधिकृत कारण, माझे अनधिकृत. वर पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही. गड 1,300 मीटरच्या वर, म्हणजे हॉलंडचं शिखर एकावर एक चार वेळा रचावं लागेल. फोटो काढले आणि संध्याकाळी तिच्याच पद्धतीनं तक्ता करून पाठवला : बस दोन, जीप दोन, पिठलं-भाकरी दोन, भजी एक, दही तीन.

दहा मिनिटांत उत्तर आलं : ‘माणसं दोन, दही तीन कसं?’

मी हिच्याकडे पाहिलं. ऑर्डर तिनं दिली होती. ती तुळशीला पाणी घालत होती. आज सकाळीही घातलं होतं.

‘संपलं का तरी ते?’ पुन्हा मेसेज.

मी लिहिलं, संपलं. अर्धं अर्धं केलं.