ठेवायची म्हणजे कुठं?

तिनं पाकीट टेबलावर ठेवलं. सहा गोळ्यांची पट्टी कात्रीनं कापून सहा तुकडे केलेले, आणि प्रत्येक तुकड्यात गोळी जशीच्या तशी.

"अगं, गोळ्या घेतल्याच नाहीस की."

"तुम्हीच म्हणालात ना मॅडम, रोज रात्री एक ठेवायची. ठेवली. उशाखाली. सकाळी काढून डब्यात टाकायची. पण खाज काही कमी होईना."

ग्रामीण रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या दवाखान्यात, मी समुपदेशक आहे. डॉक्टर तपासून औषध लिहितात, औषध खिडकीवर मिळतं आणि ते कसं घ्यायचं हे समजावून सांगण्याचं काम माझं. ही मुलगी पहिलटकरीण होती, पाचवा महिना. अंगावरून दह्यासारखं पांढरं जात होतं आणि खाजेनं झोप नव्हती. एरवी अशा बाईला आम्ही हिरवा किट देतो. त्यातल्या गोळ्या तोंडानं घ्यायच्या असतात. पण त्यातलं फ्लुकोनॅझोल गरोदरपणात पोटात द्यायचं टाळतात, म्हणून तिला क्लोट्रिमॅझोलच्या योनीमार्गात ठेवायच्या गोळ्या दिल्या होत्या.

मी तिला काय सांगितलं होतं, ते मला शब्दन् शब्द आठवलं. सासू शेजारच्या खुर्चीवर होती. दाराला पडदा, पडद्याबाहेर रांग. मी आवाज खाली आणला आणि म्हणाले, "रोज रात्री एक ठेवायची, सहा दिवस." पुढचे चार शब्द मी गिळले. आमच्या भागात बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवतात. औषध उशाशी ठेवायला सांगितलं, यात तिला वावगं काय वाटणार? तिनं सांगितलं ते नेमानं केलं होतं. चूक माझी होती, आणि त्या चुकीची किंमत तिनं सहा रात्री जागून मोजली.

सासूबाईंना बाहेरच्या बाकावर बसवलं. दार लावलं. एका कोऱ्या कागदावर पेनानं आकृती काढली आणि सांगितलं, "बाईला खाली तीन जागा असतात. पुढची लघवीची, मधली पाळीची, मागची शौचाची."

ती कागदाकडं बघत राहिली. "तीन?"

तिला वाटत होतं, लघवी आणि पाळी एकाच वाटेनं येते. असं वाटणारी ती एकटी नाही. दोन-तीन मुलं झालेल्या बायकाही माझ्यासमोर याच सुरात "तीन?" म्हणाल्या आहेत.

हात धुवायचे, पाठीवर झोपायचं, गुडघे उभे करायचे, गोळी बोटानं मधल्या जागेत हळूच सरकवायची आणि झोपून जायचं. सकाळी थोडा पांढरा चुरा बाहेर आला तर घाबरायचं नाही. तरी ती उठेना. मी थांबले. बऱ्याच वेळानं विचारलं, "बाळाला लागणार नाही ना?" हा तिचा खरा प्रश्न. गर्भपिशवीचं तोंड बंद असतं, गोळी खालीच विरघळते, हे ऐकल्यावर तिचे खांदे सैल झाले. पहिल्या वेळी जागा सांगितली असती आणि हे सांगितलं नसतं, तरी गोळी डब्यातच राहिली असती.

भिंतीवरच्या तक्त्यात 'योनीमार्ग' असं छापलेलं आहे. शब्द बरोबर आहे, पण आमच्याकडं येणारी बाई तो बोलत नाही. ती म्हणते 'अंग', 'खालची जागा', एखादी म्हातारी 'मायांग'. आता मी आधी तिलाच विचारते, तुम्ही याला काय म्हणता? मग तिचाच शब्द धरून बोलते, आणि त्या शब्दाचा अर्थ कागदावर बोट ठेवून पक्का करते.

पुरुषांच्या बाबतीतही माझा शब्द असाच हुकला. एकाला लघवीच्या वाटेनं पू येत होता. त्याला करडा किट दिला, म्हणजे अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम, दोन्ही गोळ्या एकदाच घ्यायच्या. "सात दिवस संबंध नको, आणि जोडीदाराला घेऊन या," असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो ट्रॅक्टरवरच्या मित्राला घेऊन आला. "हा माझा जोडीदार." ते दोघं तशा अर्थानं जोडीदार असते, तरी माझ्या खोलीत त्यांना जागा होतीच. पण तसं नव्हतं. बायको घरी होती, तिला औषध मिळालेलं नव्हतं. तिला लागण असती, तर बरा झालेला नवरा तिच्याकडून पुन्हा आजारी पडला असता. आता मी 'ज्यांच्याशी शरीरसंबंध आला ते सगळे' असं म्हणते. आणि "बाहेर कुठं जाता का?" असं विचारणं सोडलं. त्या प्रश्नात आरोप आहे, माणूस लगेच "छे छे" म्हणतो आणि गप्प होतो. त्याऐवजी सांगते, "हे मी इथं आलेल्या प्रत्येकाला विचारते."

अर्धवट बोलण्यानं याहून मोठं नुकसान होतं. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यामागं पैसा होता, उचल होती, कामाचा खाडा परवडत नव्हता, हे सगळं खरं. पण पांढरं जातंय म्हणून आलेल्या बाईला "पिशवी खराब झालीय, पुढं कॅन्सर होईल" एवढंच सांगितलं, तर ती दुसरं काय ठरवणार? अंगावरून पांढरं जाण्याची बहुतेक कारणं गोळ्यांनी बरी होतात. हे वाक्य तिच्या कानावर कुणी घालायचं?

गर्दी मलाही आहे. तरी एक गोष्ट मी सोडत नाही. शेवटी म्हणते, "मी नीट सांगितलं का बघू. घरी जाऊन काय करणार, ते तुम्ही मला सांगा." दोन मिनिटं लागतात. त्या दोन मिनिटांत किती गोळ्या उशाखाली जायच्या वाचल्या असतील!

ती मुलगी नंतर रिकामी पट्टी घेऊन आली. खाज थांबली होती.

तुम्हाला दवाखान्यात कुणी "खाली लावा", "आत ठेवा", "संबंध टाळा" एवढंच सांगितलं, तर उठू नका. कुठं, किती दिवस, नवऱ्यानंही औषध घ्यायचं का, हे तिथंच विचारा. आणि सासूसमोर विचारता येत नसेल, तर "मला एकटीला बोलायचंय" एवढं म्हणा. दार लावणं आमचं काम आहे.