तोकोजी : मोरी घराण्याचे कुलमंदिर

होन्शू बेटाच्या पश्चिम टोकाजवळ, जपानच्या समुद्राकाठी वसलेल्या हागी शहरातील शोइन देवस्थान मागे टाकून पूर्वेकडची चढण धरली की वस्ती विरळ होत जाते आणि डोंगराच्या पायथ्याशी तोकोजी मंदिराचे शेंदरी बाह्यद्वार समोर येते. मोरी या सामुराई घराण्याचे हे ‘बोदाइजी’, म्हणजे कुळातील मृतांच्या समाध्या सांभाळणारे आणि त्यांच्या सद्गतीसाठी पिढ्यान्‌पिढ्या विधी करणारे कुलमंदिर होय. १६०० साली सेकिगाहाराच्या लढाईत तोकुगावांची सरशी झाली, तेव्हा पराभूत पक्षाचे नाममात्र सेनापती असलेल्या मोरी तेरुमोतो यांचा बराचसा मुलूख गेला आणि या आडबाजूच्या गावी त्यांना नवी राजधानी वसवावी लागली.

त्यांचे वंशज, हागीचे तिसरे अधिपती योशिनारी यांनी १६९१ साली हे मंदिर ओबाकु पंथासाठी उभारले. हा झेन पंथ फुजियानहून आलेल्या इंगेन या चिनी भिक्षूने स्थापला असल्याने मंदिराच्या घडणीत चिनी वळण उघड दिसते. भिक्षूंना वेळेची वर्दी देण्यासाठी ठोकला जाणारा, टांगलेला भलामोठा लाकडी मासाही त्याच परंपरेतला.

मंदिराचे खरे वैभव मात्र मुख्य सभागृहामागे आहे. तेथे तिसऱ्यापासून अकराव्यापर्यंतच्या विषम क्रमांकाच्या पाच अधिपतींच्या आणि त्यांच्या पत्नींच्या समाध्या असून त्यांच्यापुढे सुमारे पाचशे दगडी कंदील ओळीने उभे आहेत. शेवाळाने हिरवे पडलेले हे कंदील सेवकांनी वाहिलेले आहेत. धनी गेला की त्याच्यामागे पोट चिरून घेण्याची ‘जुन्शी’ ही प्रथा शोगुनशाहीने १६६३ साली बंद केली, आणि प्राणाऐवजी कंदील वाहून निष्ठा व्यक्त होऊ लागली, असे येथे सांगितले जाते. म्हणूनच शहराच्या दुसऱ्या बाजूचे दाइशोइन मंदिरही पाहायलाच हवे. पहिले अधिपती हिदेनारी आणि त्यांच्यानंतरचे सम क्रमांकाचे अधिपती तेथे विसावले आहेत, आणि १६५१ साली हिदेनारींच्या पाठोपाठ प्राण देणाऱ्या सेवकांच्या समाध्याही त्यांच्याच सान्निध्यात आहेत. त्या पाहिल्याखेरीज तोकोजीतील प्रत्येक कंदिलामागे एक वाचलेला जीव असू शकतो, हे ध्यानात येत नाही. ऑगस्टमध्ये, दाइशोइनात १३ तारखेला आणि तोकोजीत १५ तारखेला, हे सारे कंदील पेटवले जातात. प्रवासाची आखणी या दिवसांभोवती करणे उत्तम.