परसांतली राजेळी

केळीला झाड म्हणण्याचा प्रघात आहे. वनस्पतिशास्त्र तो मान्य करीत नाहीं. जो खांब आपण सत्यनारायणाच्या चौरंगाला बांधतों, त्यांत लांकूड मुळींच नसतें. पानांचे देठच एकावर एक घट्ट लपेटलेले असतात. खरें खोड म्हणजे जमिनींतला कांदा. एकदां घड दिला कीं खांब संपला. मागें उरतात ते मुनवे. खाण्याच्या केळ्यांत बीं धरत नाहीं, त्यामुळें वंश चालतो तो या मुनव्यांवरच. आणि येथें लेक आईसारखी नसते, ती आईच असते.

आमच्या काकू १९६१ सालीं लग्न होऊन या घरीं आल्या व पहिल्या माहेरपणाहून परततांना वसईच्या राजेळीचा एक मुनवा घेऊन आल्या. सुकेळीं करावीं तीं याच केळ्यांचीं. न्हाणीच्या पाण्याच्या पाटाशीं लावलेल्या त्या एका कांद्याची संतति घरांतल्या मुलांबरोबर वाढली. मुनवा निवडावा तो तलवारीसारख्या अरुंद पानांचा व बुंध्याशीं जाड. रुंद पानांचा दिसण्यांत गोजिरा, पण अंगीं दुबळा. आईजवळ एकच राखावा, बाकीचे छाटावे, हा काकूंचा दंडक. घरोघर हौसेनें सगळेच वाढूं देतात, आणि मग करंगळीएवढीं केळीं आलीं म्हणजे जातीला दोष देतात!

गेल्या पावसाळ्यानंतर नवीं पानें आंखूड, अरुंद व ताठ येऊं लागलीं. शेंड्याशीं त्यांचा जुडगा झाला; देठांवर गर्द हिरव्या तुटक रेघा दिसल्या. हा पर्णगुच्छ. रोग विषाणूचा, पसरविणारा मावा, आणि औषध नाहीं. एका खांबाला तो जडला कीं त्याच कांद्याचा कोणताही मुनवा निरोगी समजतां येत नाहीं.

"अरे, निदान एक कोंब तरी राहूं द्या," काकू म्हणाल्या.

वडील माणसाचा शब्द मोडणें आमच्या घरीं सोपें नाहीं. तथापि शेजारच्या परसांत वेलची केळीची रांग उभी आहे, आणि मावा कुंपण जाणत नाहीं. आधीं साबणाचें पाणी फवारून मावा मारला. तसेंच खणावयास लागलें असतें तर तो उडून शेजारीं गेला असता. मग सारें बेट कांद्यांसकट उपटून त्याचे तुकडे केले. त्या दिवशीं काकू देवघरांतून बाहेर आल्या नाहींत.

संध्याकाळीं आमच्या चुलतबहिणीचा चिपळुणाहून निरोप आला. तिच्या परसांत २००९ सालीं येथूनच नेलेला मुनवा आहे. त्याच्या बेटानें यंदांही दोन घड दिले असून पानें लांबरुंद व स्वच्छ आहेत. येत्या मृगांत ती त्यांतला एक घेऊन येणार आहे. जुन्या जागीं तो लावावयाचा नाहीं, हें आम्ही काकूंना सांगितलें. त्यांनीं थोडा वेळ विचार केला आणि विहिरीच्या पूर्वेची, अळवाच्या वाफ्यापलीकडची जागा दाखविली. अळूं हलवावें लागेल.