घरच्या बोलीचा विसर

झोरा नील हर्स्टन १९२५ साली न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथे कृष्णवर्णीय विद्यार्थिनी त्या एकट्याच. मानवशास्त्राचे गुरू फ्रान्झ बोआस यांच्या सांगण्यावरून हार्लेमच्या रस्त्यांत वाटसरूंना थांबवून त्या त्यांच्या मस्तकाची मापे घेत. वंशश्रेष्ठतेचा दावा खोडण्यासाठी हा खटाटोप! आणि कोणी सहसा नाही म्हणत नसे.

१९२७ मध्ये, पदवीआधीच, लोककथा गोळा करण्यासाठी त्या फ्लोरिडात आपल्या माहेरच्या मुलुखात गेल्या. ज्या कथा बालपणी दुकानाच्या ओसरीवर आयत्या कानी पडत, त्यांची चौकशी त्यांनी महाविद्यालयीन घोटीव इंग्रजीत केली. लोकांनी अदबीने पलीकडच्या परगण्याकडे बोट दाखविले. जवळजवळ रिकाम्या हाती परतलेल्या झोराबाईंना बोआसांसमोर रडू कोसळले. पदवी १९२८ मध्ये मिळाली. कथा मात्र पुन्हा तेथे जाऊन, ओसरीवरच्याच बोलीत बोलल्यावर मिळाल्या.