श्रीलंकेचा घाट आणि आपला विहार

बौद्ध देश म्हणजे जातमुक्त देश, हे आपल्या चळवळीत इतकं गृहीत धरलेलं आहे की त्यावर कुणी प्रश्नच विचारत नाही. १४ एप्रिलच्या भाषणात श्रीलंका, थायलंड, म्यानमार ही नावं एका दमात घेतली जातात आणि टाळ्या पडतात. आम्ही रावेर तालुक्यातले सहा जण श्रीलंकेला गेलो ते बाबासाहेब १९५० साली जिथे गेले ते कँडी आणि कोलंबो पाहायला. आणि डोंगर, धबधबे, धुकं बघायलाही. केळीच्या बागेत राबणाऱ्यांच्या पोरांनी परदेशात फिरायला जाऊ नये असा काही कायदा नाही.

भुसावळहून नवजीवन एक्सप्रेसने चेन्नई, तिथून विमानाने कोलंबो. तिथे ड्रायव्हरसह व्हॅन भाड्याने घेतली. कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, हॅटन, अविस्सावेल्ला आणि परत कोलंबो असा गोल मार्ग ठरला. आमच्यातले नाना आयुष्यभर केळीचा ट्रक चालवत आलेले. ते पुढच्या सीटवर बसले आणि प्रत्येक वळणावर स्वतःच ब्रेक दाबल्यासारखा पाय दाबत राहिले. कडुगन्नावाची चढण लागली तेव्हा म्हणाले, "हा तर आपल्या पालच्या घाटाचा बाप आहे, भो!" ड्रायव्हर सिंहली, किनाऱ्याकडचा, कोळी जातीतला. नाना त्याला 'भाऊ' म्हणायचे, तो नानांना 'अय्या'. सिंहलीत अय्या म्हणजे थोरला भाऊ.

कँडीत तळ्याकाठी दंतधातूचं मंदिर आहे. २५ मे १९५० रोजी याच शहरात जागतिक बौद्ध बंधुत्व परिषदेचं पहिलं अधिवेशन सुरू झालं. बाबासाहेब तेव्हा भारताचे कायदामंत्री होते. माईसाहेब सोबत होत्या. धर्मांतराला अजून सहा वर्षं बाकी होती. आम्ही तळ्याभोवती फिरलो, फोटो काढले, त्रिसरण-पंचशील म्हटलं. मग ड्रायव्हर सहज बोलून गेला, "मी बौद्ध आहे, माझे आजोबा-पणजोबा बौद्ध होते. पण समोरच्या त्या मोठ्या विहारात माझा मुलगा भिक्खू होऊ शकत नाही." आम्ही विचारलं, का? तो म्हणाला, "जात."

साथींनो, इतिहास असा आहे. अठराव्या शतकात लंकेतली उपसंपदेची परंपरा खंडित झाली होती. १७५३ साली सयामहून, म्हणजे आजच्या थायलंडहून, भिक्खू आणून ती पुन्हा सुरू केली. तोच सयाम निकाय. थोड्याच वर्षांत त्याची दारं फक्त गोविगामा या वरचढ शेतकरी जातीपुरती ठेवली गेली. कँडीचे मल्वत्त आणि अस्गिरिय हे दोन्ही महाविहार याच निकायाचे. बुद्धाने उपाली न्हाव्याला संघात घेतलं, आणि त्याच बुद्धाच्या नावाने उभ्या राहिलेल्या संघाने जन्म विचारला.

मग ज्यांना नाकारलं ते गप्प बसले का? नाही. दालचिनी सोलणाऱ्या सलागामा जातीतले लोक १७९९ साली समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात गेले, तिथे उपसंपदा घेतली आणि १८०३ साली परतले. त्यातून अमरपुर निकाय उभा राहिला. हा इतिहास आपल्या मंचावरून सांगितला जायला हवा. जात धम्मात शिरू शकते, आणि ती शिरली तर लढावं लागतं, हे दोन्ही त्यात आहे. आजही तिथल्या रविवारच्या वर्तमानपत्रातल्या लग्नाच्या जाहिरातींत 'गोवि बौद्ध' असं लिहिलेलं दिसतं. धर्म बौद्ध आणि जात शाबूत.

नुवारा एलियाचा रस्ता म्हणजे चहाच्या मळ्यांतून वर चढत जाणारी वळणंच वळणं. रांबोड्याचा धबधबा, बोगदा, आणि वर गेलं की दहा फुटांवरचं दिसू नये असं धुकं. दुसऱ्या दिवशी तलवाकेलेच्या पुढे पाऊस सुरू झाला. डेव्हन धबधबा मागे टाकला आणि थोड्या अंतरावर दरड कोसळलेली. रस्ता बंद. मागे-पुढे गाड्यांची रांग, एका बाजूला दरी. तीन तास तिथेच.

पाऊस ओसरल्यावर आम्ही शेजारच्या मळ्यातल्या लाइनींकडे चालत गेलो. लाइन म्हणजे एका ओळीत जोडलेल्या खोल्या, एका कुटुंबाला जेमतेम एक खोली. इंग्रजांच्या काळातली ही रचना आजही उभी आहे. एका म्हाताऱ्या अम्मांनी आम्हाला पडवीत बसवून चहा दिला. आमचं बोलणं ड्रायव्हरच्या मोडक्या तमिळमधून. त्यांच्या मोठ्या दिराचं कुटुंब कराराच्या वेळी निलगिरीला पाठवलं गेलं, पुढे पत्रं बंद झाली. त्या म्हणाल्या, "तिकडे त्यांना सिलोनवाले म्हणतात, इकडे आम्हाला इंडियावाले."

हे लोक कोण? एकोणिसाव्या शतकात आधी कॉफीच्या आणि नंतर चहाच्या मळ्यांसाठी तमिळ प्रदेशातून आणलेले मजूर. त्यांतले पुष्कळ अस्पृश्य जातींतले. सिलोन ४ फेब्रुवारी १९४८ रोजी स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने यांतल्या सुमारे सात लाखांना बिननागरिक केलं. मग मताचा हक्कही गेला. १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो कराराने ५,२५,००० लोक भारताच्या वाट्याला आणि ३,००,००० सिलोनच्या वाट्याला आले. माणसांची वाटणी झाली, माणसांना न विचारता. उरलेल्यांचा प्रश्न मिटायला २००३ चा कायदा यावा लागला.

आता १९५० कडे वळून बघा. त्याच दौऱ्यात कोलंबोच्या टाऊन हॉलमध्ये बाबासाहेबांनी तिथल्या अस्पृश्यांना बौद्ध धम्म स्वीकारण्याचं आवाहन केलं, आणि तिथल्या बौद्धांना सांगितलं की या लोकांना आपलं म्हणा, पालकासारखी काळजी घ्या. मळ्यातल्या त्या लाइनी सांगतात की दुसरं आवाहन कुणी ऐकलं नाही.

काही जण म्हणतील, हे उघड बोलू नका, विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल. त्यांनी १९५० च्या वैशाखात महाबोधी सोसायटीच्या मासिकात आलेला बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांच्या धर्माचे भवितव्य' हा लेख वाचावा. बौद्धांच्याच मासिकात त्यांनी भिक्खू संघावर कडक टीका केली आहे. संघाने लोकांची सेवा करावी, ही त्यांची मागणी होती. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी भदंत चंद्रमणींकडून दीक्षा घेतल्यावर लाखोंना दीक्षा त्यांनी स्वतः दिली. जन्म विचारणारा एकही दरवाजा त्यांनी ठेवला नाही.

तो दरवाजा आता आपण बसवतो आहोत का? आपल्या तालुक्यातल्या विहारांत मातंग, चर्मकार, वाल्मीकी समाजाची किती माणसं दिसतात? वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर 'पोटजात' हा रकाना कशासाठी? सातपुड्यातून केळी कापायला उतरणारे पावरा, बारेला, भिल्ल मजूर बागेच्या कडेला झोपड्यांत राहतात. आपल्याकडच्या लाइनी त्याच. तिथे आपला कार्यकर्ता शेवटचा कधी गेला? 'त्यांनी धम्म घेतलेला नाही, मग ते कसे येणार,' हे उत्तर तयार असतं. पण ज्यांच्या दारात आपण गेलोच नाही त्यांनी आपल्या दारात यावं, ही अपेक्षा मल्वत्त विहाराच्या उंबऱ्यासारखीच आहे.

म्हणून या वर्षावासासाठी दोन कामं सुचवतो. मेळाव्याच्या फॉर्मवरून पोटजातीचा रकाना काढायचा. आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन आठवड्यातून एक दिवस विहाराबाहेर, मजुरांच्या झोपड्यांसमोर करायचं, त्यांना कळेल अशा बोलीत. सोबत रेशन कार्ड, मुलांची शाळा, मजुरीचा हिशोब हे विषयही घ्यायचे. सलागामांना धम्मासाठी समुद्र ओलांडावा लागला. आपल्याला फक्त सुकी नदीचा पूल ओलांडायचा आहे.

जय भीम!