अप्लाय मारून बघ

स्क्रीनवरचा आकडा हलत नसला की आमच्याकडे एकच औषध असायचं : ‘अप्लाय मारून बघ.’

अँग्युलरजेएसची, म्हणजे अँग्युलर या वेब फ्रेमवर्कच्या पहिल्या आवृत्तीची तऱ्हा सोसायटीच्या रखवालदारासारखी होती. कुठे खुट्ट झालं की प्रत्येक दार ठोठावून विचारायचं, काही बदललं का? एकाने जरी हो म्हटलं, तरी पुन्हा पहिल्या दारापासून फेरी. दहा फेऱ्यांतही सामसूम झाली नाही, तर एरर फेकून मोकळा. पण बदल सेटटाइमआउटमध्ये किंवा जेक्वेरीच्या एखाद्या प्लगइनमध्ये झाला, तर याला पत्ताच नाही. मग आपण अप्लाय मारून त्याला उठवायचं. तो आधीच फेरीवर असला तर निराळी एरर. त्यावर उतारा म्हणजे सगळं शून्य सेकंदांच्या टाइमआउटमध्ये गुंडाळणं. कुठे गुंडाळायचं, ते मला कोड नुसता चाळून कळायचं. टीममधली पोरं विचारायला यायची. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

ऑक्टोबर 2014मध्ये पॅरिसच्या परिषदेत दुसऱ्या आवृत्तीचा आराखडा मांडला गेला, तेव्हा पडद्यावर चक्क थडगी दाखवली होती. कंट्रोलर गेला, स्कोप गेला. स्कोपच नाही, तर अप्लाय मारणार कुणावर?

सप्टेंबर 2016मध्ये ती आवृत्ती आली. तिच्यात टाइमर, क्लिक, सर्व्हरचं उत्तर, सगळ्यांच्या वाटेवर झोनजेएस नावाची लायब्ररी उभी असायची. उठवायची गरज नव्हती. आणि फेरी एकच, वरून खाली, पालक कंपोनंटकडून मुलाकडे. डेव्हलपमेंट मोडमध्ये मात्र लगेच दुसरी फेरी व्हायची, ती फक्त खातरजमेची. मध्येच काही बदललेलं सापडलं की लाल एरर.

मला ती एरर पहिल्याच महिन्यात भेटली. खालचा फॉर्म एकूण हप्ता काढून वरच्या शीर्षकाला कळवत होता, आणि शीर्षक तर तपासून झालेलं. मी काय केलं असेल? शून्य सेकंदांचा टाइमआउट. एरर गेली.

आठवड्याने टीममधल्या नव्या मुलीने विचारलं, “दादा, हा टाइमआउट कशासाठी?” मी सांगू लागलो आणि रखवालदारापाशीच अडकलो. तिने जुनी आवृत्ती पाहिलीच नव्हती. तिने हप्त्याचा हिशेब उचलून वर पालकात ठेवला, माझी ओळ खोडली आणि पान रिफ्रेश केलं.

“चालतंय,” ती म्हणाली.